पाकिटावरच्या तीन ओळी

त्या तीन ओळी मीच निवडल्या. दुसऱ्या कुणी निवडल्या असत्या तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती.

१९७१ साल होतं. अमेरिकेतल्या आम्हां चेरोकी आदिवासींच्या लिपीला दीडशे वर्षं पुरी होत होती आणि त्यासाठी कार्व्हर गावात एक समिती बसली होती. समितीत नऊ माणसं. त्यातली दोन आमची, आणि त्या दोघांनाही ती लिपी वाचता येत नव्हती. अध्यक्ष होते ऑरिन टॅलमेज. त्यांची विम्याची कचेरी होती, पोस्टाची तिकिटं जमवण्याचा नाद होता, आणि मी त्यांच्याकडे टायपिस्ट होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना आवाज चढवून बोलताना मी कधी ऐकलं नाही. पुढं जे झालं त्यात हीच मोठी पंचाईत होती. भांडायला समोर कुणी वाईट माणूसच नव्हता.

बेत असा होता की एक स्मारक पाकीट छापायचं, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये लोकांसमोर त्यावर खास शिक्का मारायचा, आणि ती पाकिटं देशभरच्या हौशी लोकांना पाठवायची. पाकिटाच्या डाव्या अंगाला आमच्या लिपीतलं काहीतरी जुनं, अस्सल हस्ताक्षर पाहिजे होतं. ते वर्ना हेस्टिंग्जनं आणून दिलं. वर्नाची आई फार पूर्वी उत्तरेकडच्या सरकारी निवासी शाळेत मुलींची मेट्रन होती. ती शाळा कधीच बंद पडली. आईच्या मागं माळ्यावर टोपीच्या खोक्यात अकरा पत्रं सापडली, ती वर्नानं समितीला भेट दिली. नुसते कागद होते, पाकिटं नव्हती. वर्नाच्या भावाला लहानपणी तिकिटांचा नाद होता. त्यानं पाकिटं पाण्यात भिजवून तिकिटं सोडवून घेतली आणि उरलेला लगदा फेकून दिला. त्यामुळं पत्रं कुणाची, कुणाला, काही कळायला मार्ग नव्हता.

"अर्लीन, तू चेरोकी ना? यातला एखादा छानसा तुकडा काढ बरं," टॅलमेज म्हणाले.

"मला बोलता येतं साहेब. वाचता येत नाही."

"वाचायला कोण सांगतंय? दिसायला सुंदर पाहिजे."

मी अकरा कागद टेबलावर पसरले. एकावरची शाई अजून काळीभोर होती, अक्षर गोल आणि मोकळं. मधल्या तीन ओळी मला आवडल्या. मी पेन्सिलीनं कडेला खूण केली. टॅलमेजनी तो कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, "काहीतरी प्रार्थना असणार. जुन्या लोकांचं सगळं प्रार्थनाच असतं." छापखान्याची तारीख जवळ आली होती. पाच हजार पाकिटं छापून आली.

मग त्यांना आणखी एक कल्पना सुचली. शंभर निवडक पाकिटांत आमच्या लिपीत हातानं लिहिलेलं पत्र घालायचं आणि ती गव्हर्नर, विद्यापीठं, संग्रहालयं अशा मोठ्या ठिकाणी पाठवायची. मजकूर समितीनं ठरवला: लिपीला दीडशे वर्षं झाली, आमच्या लोकांकडून आपणांस स्नेहाच्या शुभेच्छा, वगैरे. लिहिणारं माणूस मात्र पाहिजे होतं. मी म्हटलं, माझी मावशी आहे.

लिडीमावशी, म्हणजे लिडी केचर, वॉलनट फोर्कला एकटी राहायची. तिथल्या आमच्या चर्चची वही तीच लिहायची. कोण जन्मलं, कोण गेलं, सगळं आमच्या अक्षरांत. तिच्याकडे माझं जाणं-येणं आई वारल्यानंतरच सुरू झालं होतं. आई आणि ती सख्ख्या बहिणी, पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकमेकींच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. कारण विचारलं की आई एवढंच म्हणायची, "तिचं काळीज दगडाचं आहे."

मी गेले तेव्हा मावशी अंगणात हिकरीची, अक्रोडासारखी कडक फळं कुटत होती. ओंडक्याच्या उखळात जाड मुसळ पडत होतं. मी सगळं सांगितलं. तिनं मुसळ थांबवलं नाही.

"समितीला अचानक आमच्या अक्षरांचं प्रेम आलं म्हणायचं," ती म्हणाली. "मी शाळेत पाटीवर लिहिली होती ती अक्षरं. मेट्रननं पट्टी उभी धरून मारलं होतं. तेव्हा नव्हती वाटतं समिती?"

"नको तर नको म्हण मावशी. मी सांगते त्यांना."

"नको कशाला? लिहिते की. शंभर म्हणालीस ना? गव्हर्नराला वाचता येणार आहे का?"

"नाही."

"मग स्पेलिंगच्या चुका तरी कोण काढणार!" ती हसली आणि हात एप्रनला पुसले. "बघू दे तुझं ते पाकीट."

मी दिलं. तिनं ते लांब धरलं, मग जवळ घेतलं. चष्मा घरात होता, तो आणायला ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दारात जाऊन पाहिलं. ती खिडकीशी उभी होती.

"हे कुणी निवडलं?"

"मी."

"का?"

"अक्षर सुंदर होतं."

"होतंच," मावशी म्हणाली. "तुझ्या आजीचं अक्षर आहे ते."

तिनं त्या तीन ओळी मोठ्यानं वाचल्या. वाचता येत नसलं तरी ऐकलेलं मला सगळं कळतं.

"वासरू मेलं. दुकानदार तुझं पत्र वाचून दाखवतो, पण त्यात तुझा आवाज नाही. लिडी, आपल्या अक्षरांत एक ओळ लिही, म्हणजे तू माझ्यावर रागावली नाहीस एवढं मला कळेल."

पाच हजार पाकिटांवर. निळ्या शाईत, भोवती पानांची नक्षी.

मग तिनं मला बसवून सांगितलं. नऊ वर्षांची असताना तिला त्या शाळेत नेलं. महिन्यातून एकदा फळ्यावर इंग्रजी पत्र लिहून द्यायचे आणि मुलींनी ते उतरून काढायचं: मी मजेत आहे, जेवण छान असतं, तुमची आज्ञाधारक. ज्यांच्या घरून इंग्रजीत पत्रं यायची त्यांना जेवणघरात नाव पुकारून मिळायची. लिडीचं नाव कधी पुकारलं नाही. दोन वर्षं ती दर आठवड्याला बाकावर ताठ बसून वाट बघायची, मग सोडून दिलं. अकराव्या वर्षी, साथीच्या तापाच्या हिवाळ्यात, मेट्रननं जेवताना सांगितलं की तुझी आई तीन आठवड्यांपूर्वी गेली. "मी हातातला पाव संपवला," मावशी म्हणाली. "मला रडू आलं नाही. जिनं एक ओळ लिहिली नाही, तिच्यासाठी काय रडायचं?"

माझी आई ऑसी तेव्हा सहा वर्षांची. आजी चार मैल चालत दुकानात पत्र टाकायला जायची, ते तिनं बघितलेलं. लिडी सोळाव्या वर्षी घरी आली तेव्हा ऑसी तिला म्हणाली, "आई तुझी वाट बघत मेली. तू एक ओळ नाही लिहिलीस." लिडी म्हणाली, "तिनं नाही लिहिली." ऑसी म्हणाली, "खोटारडी!" लिडीनं तिच्या थोबाडीत मारली. तिथंच सगळं संपलं. दोघीही खरं बोलत होत्या, आणि दोघींचा एकमेकींवर विश्वास बसला नाही, कारण तिसरी एक बाई टोपीच्या खोक्यात कागद ठेवत होती.

"ऑसीला जाऊन किती वर्षं झाली?" मावशीनं विचारलं. तिला माहीत होतं.

"तीन."

"तीन," ती म्हणाली. "चल. मला ती पत्रं बघायची आहेत."

टॅलमेजनी आम्हांला कचेरीत बसवलं, कॉफी दिली. वर्नालाही बोलावून घेतलं. मावशीला इंग्रजी चांगलं येत होतं, शाळेनं ते मात्र पक्कं केलं होतं. तिनं सगळं थोडक्यात सांगितलं आणि म्हणाली, "ती पत्रं माझी आहेत. मला द्या."

टॅलमेजचे डोळे खरोखर पाणावले. "केचरबाई, हे फार हृदयस्पर्शी आहे. याचं भाषांतर आपण कार्यक्रमपत्रिकेत छापलंच पाहिजे."

"मी छापायला नाही, मागायला आले आहे."

"अहो, पण ती आता समितीच्या संग्रहात रीतसर नोंदली गेली आहेत. एकट्याच्या हातात नाही राहिलं. फोटोप्रती देतो ना तुम्हांला, अगदी स्वच्छ."

"माझ्या आईनं जपली ती, एवढं तरी म्हणा!" वर्ना मध्येच म्हणाली. तिची मान लाल झाली होती. "बाकीच्या शाळांत असली पत्रं सरळ चुलीत घालायचे. ती नियमानं वागली. तिला वाचता येत नव्हतं, आत काय लिहिलंय कळत नव्हतं, मग मुलींना कशी देणार? पण तिनं फाडली नाहीत."

"नाही फाडली," मावशी म्हणाली. "तिकिटं तेवढी काढून घेतली."

मग मावशीनं विचारलं, "ही पाकिटं तरी थांबवाल?"

"एकतीस राज्यांतून मागणी आली आहे हो," टॅलमेज कळवळून म्हणाले. "आणि तसं बघितलं तर तुमच्या घरची गोष्ट उघडी पडतेय असंही नाही. कुणाला वाचताच येत नाही ना."

"तेच," मावशी म्हणाली.

शेवटी तिला एक तास पत्रं वाचायला दिली. वर्ना समोर बसून राहिली, एकही कागद इकडचा तिकडं होऊ नये म्हणून. मावशी एकेक कागद उचलायची, वाचायची, पालथा ठेवायची. तिचा चेहरा हलला नाही. सातव्या कागदावर ती थांबली. तो तिनं तीनदा वाचला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय होतं त्यात?

"ती आली होती," मावशी रस्त्याकडे बघत म्हणाली. "दोनदा. दोन दिवसांची वाट चालून. आज भेटीचा दिवस नाही म्हणून फाटकातून परत पाठवलं. पण दुसऱ्या वेळी तिनं कुंपणातून मला धुणं वाळत घालताना बघितलं. लिहिलंय, तू उंच झालीस, हात सोलले आहेत तुझे, चरबी लाव. हाक मारली नाही, म्हणे. मारली असती तर तुला मार बसला असता."

वॉलनट फोर्कचं वळण आलं तेव्हा ती म्हणाली, "आधी दफनभूमीत घे."

माझ्या आईच्या थडग्यापाशी ती एकटीच गेली. मी गाडीजवळ थांबले. तिनं ऑसीला सगळी पत्रं सांगितली, आठवतील तशी, मोठ्यानं. मधूनच भांडायला लागली. "तू तरी दुकानदाराला विचारायचं होतंस! मी नाही विचारलं, मला कुणी विचारू देत नव्हतं. तू मोकळी होतीस. शाळेला एकदा विचारलं असतंस! थोबाडीत मारली तर परत मारायची होतीस, गप्प कशाला बसलीस पंचेचाळीस वर्षं?" मग तिचा आवाज खाली गेला आणि मला ऐकू येईना. मी दुसरीकडं बघत राहिले. माझ्या आईनं मला ही अक्षरं मुद्दाम शिकवली नव्हती. मी हट्ट केला की म्हणायची, त्या अक्षरांनी आमच्या घराचं काय भलं केलं?

आठ दिवसांनी मावशीनं शंभर पत्रं लिहून दिली. दाट, रेखीव ओळी. मी खोकं उचलताना ती म्हणाली, "मजकूर त्यांचा नाही."

"मग?"

"माझा आहे. तुला वाचून दाखवते, म्हणजे नंतर म्हणायला नको की माहीत नव्हतं."

तिनं वाचलं: "पाकिटावर जे छापलं आहे ते माझ्या आईनं, नॅकीनं, मला लिहिलं होतं. ते मला दिलं नाही. मी रागावले होते. आई मेली. माझी बहीणही मेली. आता ते मला मिळालं, तुम्हांला मिळालं त्याच वेळी. मी लिडी केचर, वॉलनट फोर्क. कुणाला हे वाचता आलं तर त्यानं माझ्या आईला मी क्षमा मागितल्याचं कळवावं, कारण मला कुठं पाठवायचं ते ठाऊक नाही."

मी ते खोकं टॅलमेजच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वरचा कागद उचलला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाले, "काय हात आहे! नुसती नक्षी." मी काही बोलले नाही. एवढं एक काम मी त्या सगळ्या प्रकरणात नीट केलं.

त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी फोटोवाल्याकडून एका पत्राचा पुरुषभर उंच फलक करून घेतला आणि समारंभाला मंचावर मधोमध लावला.

हॉल भरला होता. पुढच्या रांगांत कार्व्हरची माणसं, तिकिटं जमवणारे, बँडची मुलं. मागं आमची मंडळी, वॉलनट फोर्कच्या चर्चची म्हातारी माणसं, टोप्या मांडीवर घेऊन. टॅलमेज बोलू लागले. एका निरक्षर माणसानं आपल्या जमातीला अक्षरं दिली, जगात असं दुसरं उदाहरण नाही, ही अक्षरं म्हणजे साऱ्या राष्ट्राचं भूषण. सगळं खरंच होतं.

आमच्या चर्चचे डीकन लेव्हाय टीही मागच्या भिंतीला टेकून बसले होते. ऐंशीच्या पुढचे. त्यांची नजर भाषणाकडं नव्हती, फलकाकडं होती. ओठ हलत होते. मग ते थांबले. शेजारच्या म्हातारीला त्यांनी कोपरानं ढोसलं. तिनं वाचलं. तिनं पुढच्या बाकावरच्या बाईच्या खांद्याला हात लावला. भाषण चालू होतं आणि मागच्या रांगांतून एकेक डोकं वर होत होतं, एकेकाचे ओठ हलायचे आणि मिटायचे.

टीहीकाका उठले. मधल्या वाटेनं सावकाश पुढं आले. मावशी दुसऱ्या रांगेत कडेला बसली होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला, एकदाच हलवला आणि सोडला. त्यांच्या मागं ती म्हातारी. तिच्या मागं आणखी कुणी. आमच्या चर्चमध्ये मयताच्या दिवशी घरच्यांसमोरून अशी रांग जाते, एक शब्दही न बोलता. चाळीसेक माणसं गेली. मावशी उभी राहिली आणि प्रत्येकाचा हात घेत राहिली. त्रेपन्न वर्षांनी कुणीतरी तिला आईच्या दुखवट्याला भेटत होतं.

टॅलमेजनी भाषण थांबवलं. "बघा," ते गहिवरून म्हणाले, "या लोकांना आपल्या लिपीचा किती अभिमान आहे!" पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. बँड सुरू झाला, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर शिक्का पडू लागला, धप, धप.

टीहीकाका माझ्याजवळून जाताना म्हणाले, "तू नॅकीची नात ना? तुला वाचता येतं?"

"नाही, काका."

"हं," ते म्हणाले आणि टोपी घालून बाहेर गेले.

हिवाळाभर उत्तरं येत राहिली. समितीकडं यायची आणि मी ती मावशीकडं घेऊन जायची. ती म्हणायची, वाच. आपल्या सुंदर शुभेच्छांबद्दल आभारी आहोत. आपलं पत्र आमच्या दालनात चौकट करून लावलं आहे. मुलांनी ही लिपी पाहून फार आनंद व्यक्त केला. एका गव्हर्नराच्या कचेरीनं लिहिलं होतं की आपला आनंदाचा संदेश साहेबांना पोचला. मावशी ऐकताना शिवण शिवायची. त्या आनंदाच्या संदेशाला मात्र ती इतकी हसली की सुई बोटात गेली.

फेब्रुवारीत पूर्वेकडच्या एका मोठ्या संग्रहालयाचं पत्र आलं. ते निराळं होतं. आम्ही हे पत्र कायमच्या प्रदर्शनात ठेवत आहोत, शेजारी लावण्यासाठी भाषांतर मिळेल का, असं विचारलं होतं. मी मावशीकडं बघितलं. मला वाटलं, नको म्हणेल.

"लिही," ती म्हणाली. "निदान एका ठिकाणी तरी कळू दे."

आम्ही दोघींनी बसून केलं ते. एका शब्दासाठी ती तासभर अडली. क्षमेसाठी इंग्रजीत जो शब्द आहे तो तिला पसंत नव्हता. शाळेत उशीर झाला की तोच म्हणायला लावायचे. शेवटी दुसरा सापडला नाही म्हणून तोच घातला. मी कचेरीतल्या चांगल्या कागदावर टाइप केलं, तिनं खाली दोन्ही लिप्यांत सही केली. मी स्वतः पोस्टात टाकलं.

उत्तर सहा आठवड्यांनी आलं. भाषांतराबद्दल अत्यंत आभारी आहोत. मात्र हा मजकूर प्रदर्शनाच्या उत्सवी स्वरूपाशी जुळत नसल्यामुळं, समितीच्या कार्यक्रमपत्रिकेतला शुभेच्छांचा मजकूर मूळ पत्राशेजारी लावण्यात आला आहे. आपण समजून घ्याल अशी आशा आहे.

मावशीनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग सुईत दोरा ओवला.

"इंग्रजी चांगलं लिहितात," ती म्हणाली.